मिठाचा कण

नुकूसच्या बाजारामागं, टायरवाल्याला लागून
माझं दुकान. त्याला दारं दोन :
एक लाकडाचं, एक ओल्या चादरीचं.
वसंतात वारा उत्तरेकडून सुटतो
आणि जिथं समुद्र होता तिथलं पांढरं उचलून आणतो,
चहावर त्याची साय धरते.
वडील त्या पाण्यात जाळं टाकायचे.
मला समुद्र माहीत आहे तो असा, दळलेला.

जाल्गास येतो तो कॅमेरा पोटाशी धरून,
आजारी कोकरू आणावं तसा.
लग्नांचे फोटो काढतो. मोयनाकला, वाळूत रुतलेल्या
गंजक्या बोटींपुढं जोडपं उभं करतो,
वर तीन हिस्से आकाश.
आकाशात एक ठिपका. दर लग्नात, त्याच जागी.
"पुन्हा धूळ, बियबिनाझ."

बॅटरी आधी गळ्यापर्यंत भरायची,
नाहीतर पडदा मधेच मिटतो आणि काडी चावतो.
मग कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे,
रबरी पंपानं हवा. तोंडानं फुंकर कधीच नाही,
लेकराच्या गुडघ्याला चालते ती, इथं थुंकी उडते.
आरसा वर जातो. पडदा सरकतो.
आत आगपेटीहून लहान काच,
हिरवट, जांभळी, ताज्या माशाच्या पोटासारखी.

आत सगळं उलटं असतं.
आकाशातला डाग तळाशी शोधायचा.
छिद्र सताड उघडं ठेवलं तर काहीच दिसत नाही,
सगळं निर्मळ. बावीसवर न्यावं,
उन्हात डोळे किलकिले करावेत तसं,
मग भिंतीच्या पांढऱ्यावर एकेक कण उगवतो.

हवेनं जो निघत नाही त्याला काडी.
दोन थेंब, डावीकडून उजवीकडे एकच ओढ,
काडी उलटवून परत, आणि फेकून द्यायची.
महाग असते. तरी फेकायची.
हे मी शिकायला येणाऱ्या पोरांना सांगते
बोट वर करून.

गेल्या हिवाळ्यात चार वाजता वीज जाणार होती.
तीन कॅमेरे रांगेत. बोटं गारठलेली.
मी पंप उचललाच नाही.
काडीखाली काहीतरी कुरकुरलं,
सांडलेल्या साखरेवर टाच पडावी, एवढंच.

तेव्हापासून जाल्गास सहा वेळा आला.
"धूळ," तो म्हणायचा.
मी नाही म्हणायचे नाही.
साफ करायचे, पैसे घ्यायचे,
पुढच्या लग्नाला शुभेच्छा द्यायचे.
लोकांच्या डोळ्यातली कुसळं काढणं हाच माझा धंदा.

आज तो हसत आला.
एका नवरीच्या आजोबांनी म्हणे फोटोतल्या ठिपक्यावर
बोट ठेवलं आणि विचारलं,
कुठला पक्षी हा? आले का परत?
"मग तू काय म्हणालास?"
"काय म्हणणार. चहा प्यालो."

मला हसू आलं नाही.
किती वर्षं झाली कुणी वर बघून
असं विचारल्याला.

पंप मारला. काडी फिरवली. भिंतीचा फोटो काढला.
चार ठिपके होते, तीन गेले.
पडदा त्याच्याकडे वळवला.
"हा जाणार नाही. ही धूळ नाही, ओरखडा आहे.
माझा."

बाहेर टायरवाला चाकाला हातोडा घालत होता.
जाल्गासनं बराच वेळ कपात पाहिलं,
कपातही तेच, पांढरं.
वडील म्हणायचे, खाल्ल्या मिठाला जागावं.
आम्ही तर ते श्वासातूनही खातो,
आणि तरी.

गल्ल्यातून सहा वेळचे पैसे काढले, पुढ्यात ठेवले.
त्यानं थुंकी लावून मोजले, दोनदा.
"पुढच्या वेळी आकाश कमी घेईन," म्हणाला,
"नाहीतर आजोबांना तरी घेईन जवळ."

उठताना एक नोट मागं सरकवली.
"आजचं तर केलंस की."

चादर वाळून कडक झाली होती, कडेला पांढरी रेघ.
बादलीत बुडवली. पिळली.
पुन्हा दाराला लावली.